अथेन्सचा प्रत्यक्षदर्शी

अथेन्सचं अॅक्रोपोलिस मी पायथ्याच्या कॅफेतून पाहिलं आहे. तिथून ते फार छान दिसतं.

खरं तर यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मी हाडांचा डॉक्टर आहे. सौदी अरेबियातल्या तबूकच्या एका हॉस्पिटलात रोज येणाऱ्या पेशंटांना मी अगदी कळकळीने सांगतो की प्रवासाला नवे बूट घालून जाऊ नका, टाचा जातात. आणि तीन वर्षांपूर्वी ईदच्या सुटीत आम्ही ग्रीसला गेलो तेव्हा मी नवे बूट घालून गेलो. गाइडबरोबर पायी फिरून प्राचीन अवशेष पाहायचे, लोकशाहीचा जन्म झाला ती टेकडी पाहायची, असा चार तासांचा कार्यक्रम होता. पहिल्या पाऊण तासातच माझ्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या. बायको वैशाली आणि मुलगी सई (तेव्हा दहा वर्षांची) गाइडच्या मागून वर गेल्या आणि मी कॅफेत मोजे काढून बसलो. तीन कॉफ्या प्यायलो. गाइडचं छत्रीएवढं पिवळं निशाण वर वर जाताना दिसत होतं, तोवर त्याच्याकडे बघत होतो.

त्या संध्याकाळी फलटणहून सासूबाईंचा फोन आला. वैशाली अंघोळीला गेली होती, म्हणून मी उचलला. सासूबाई मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होत्या. त्यांनी आमची तब्येत, हवा, जेवण यातलं काहीही विचारलं नाही. "समीरराव, लोक सभेला जमायचे ती टेकडी पाहिलीत?" एवढंच विचारलं, आणि त्यांचा आवाज जरासा कापत होता.

त्या आवाजाला 'नाही, टाच सोलली' असं कसं सांगायचं? मी म्हणालो, "पाहिली."

"कसं वाटलं?"

"अंगावर काटा आला," मी म्हणालो. (हे खरं होतं. मोजा ओढून काढला तेव्हा आला होता.)

खोटं तिथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या फोनवर त्यांनी टेकडीचा चढ विचारला, त्याच्या पुढच्या फोनवर खांबांची जाडी. मी नेटवर वाचून ठेवू लागलो. मग हॉस्पिटलात कोणीतरी विचारलं, त्याला सांगितलं. वर्षभरात मी अथेन्सवर इतका बोललो की एका सांगण्यात गाइडनेच मला दोन शंका विचारल्या आणि मी त्यांचं निरसन केलं. वैशालीने ते एकदा ऐकलं, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि ती आमटी ढवळायला आत गेली. सई तिथेच बसली होती. मोठ्या माणसांचं असंच असतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली असावी.

गेल्या जानेवारीत सासूबाई व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. सुती साडी, वर लोकरीचा स्वेटर, पायांत मोजे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. सामानात मेतकूट, भाजणी आणि एक दोनशे पानी वही. परत गेल्यावर त्यांच्या महिला वाचक मंडळात त्या एक व्याख्यान देणार होत्या. विषय होता लोकशाहीचा उगम. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तसं शीर्षक लिहिलं होतं आणि खाली दोन ओळी सोडून लिहिलं होतं, 'माहिती : जावई (प्रत्यक्षदर्शी)'.

ते पान मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

आता अन्वरभाईंविषयी सांगायला हवं. अन्वरभाई मूळचे दापोलीकडचे. बावीस वर्षं तबूकमध्ये आहेत, टायरच्या दुकानावर फोरमन आहेत आणि या भागातला प्रत्येक कच्चा रस्ता त्यांना माहीत आहे, कारण त्या प्रत्येक रस्त्यावर त्यांनी कोणाचं तरी पंक्चर काढलंय. एका संध्याकाळी ते चहाला आले असताना सासूबाईंनी अथेन्सचा विषय काढला. अन्वरभाई म्हणाले, ग्रीक अक्षरांचे दगड तर आपल्याकडेही सापडलेत. शहरापासून दोनेक तासांवर वाळवंटात एक जुनी दगडी इमारत उभी आहे, रोमन काळातली म्हणतात. शुक्रवारी घेऊन जातो.

सासूबाईंनी वही उघडली. "मग समीरराव आपल्याला सगळं समजावून सांगतील," त्या म्हणाल्या. "आयता गाइड घरात आहे."

नाही म्हणायची ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, "हो, त्यात काय."

शुक्रवारी सकाळी अन्वरभाईंच्या मोठ्या गाडीतून आम्ही पाचजण निघालो. थंडी मरणाची होती. डांबरी रस्ता सोडल्यावर तासाभराने एक फाटा आला. अन्वरभाईंनी सरळ उजवीकडे चाक वळवलं. मला मात्र डावीकडे लांबवर दगडांचा एक ढीग दिसला, आणि तो मला अगदी प्राचीन वाटला. मी म्हणालो, "थांबा, डावीकडे आहे ते."

अन्वरभाई म्हणाले, की वाट उजवीकडचीच आहे, ते दोनदा येऊन गेलेत. इथे कोणताही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मागच्या सीटवर वही उघडी होती. मी मागे वळून सांगितलं की अथेन्समध्ये असले प्रश्न एका जाणकारावर सोडत नसत. सगळे नागरिक जमायचे, दोन्ही बाजू ऐकायचे आणि हात वर करून निर्णय घ्यायचे. आपणही तसंच करू.

सासूबाईंना ही कल्पना फार आवडली. मी डावीकडच्या बाजूने तीन मिनिटांचं भाषण केलं. अन्वरभाईंनी उजवीकडच्या बाजूने "रस्ता उजवीकडं हाय" एवढंच भाषण केलं. मतदान झालं. डावीकडे मी, सासूबाई (जावई म्हणून) आणि सई (बाप म्हणून). उजवीकडे अन्वरभाई आणि वैशाली. गाडी ज्याची, पेट्रोल ज्याचं आणि बावीस वर्षांचा अनुभव ज्याचा, तो माणूस दोनविरुद्ध तीनने हरला. त्यांनी चाक डावीकडे फिरवलं आणि म्हणाले, "बहुमत हाय. चला."

पंधरा मिनिटांत गाडीची मागची चाकं अर्ध्यापर्यंत वाळूत गेली. अन्वरभाईंनी टायरमधली हवा कमी केली, मी आणि वैशालीने हातांनी वाळू उपसली, सईने चाकाखाली पायपुसणी घातली, तरी गाडी आणखी खाली गेली. तेवढ्यात मी तो प्राचीन ढीग जवळून पाहून आलो. कोणा कंत्राटदाराने रस्त्यासाठी आणून टाकलेली खडी होती ती. हे मी कोणाला सांगितलं नाही. पण अन्वरभाईंनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "खडी ना?" आणि पुन्हा वाळू उपसायला लागले.

सासूबाई या सगळ्या वेळात वाळूत उभ्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे मी स्वतः पाहिलेत. असे गुडघे घेऊन वाळूत उभं राहायचं नसतं. बसायला सतरंजी घालतो म्हटलं तर म्हणाल्या, "अहो, लोकशाहीत चुका होतातच. वही गाडीतून बाहेर काढली असती तर हेही लिहिलं असतं." हे त्या मला धीर द्यायला म्हणाल्या, आणि मला खड्ड्यात उतरून वाळू अंगावर ओढून घ्यावीशी वाटली.

आमची धूळ बघून अर्ध्या तासाने एक जुनी पिकअप आली. त्या अवशेषांचा राखणदारच होता, अबू फहद नावाचा साठीचा माणूस. अंगात लांब कोट, डोक्याला लाल चौकटीचा रुमाल. त्याने आधी आमचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, पाहिले, मग सासूबाईंचा पासपोर्ट, आणि मग दोर लावून गाडी दोन मिनिटांत बाहेर ओढली. 'इकडून कशाला आलात' असं त्याने अन्वरभाईंना अरबीत विचारलं. अन्वरभाईंनी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी लांबलचक सांगितलं. अबू फहदने माझ्याशी फार आदराने हात मिळवला. नंतर कळलं, 'हे मोठे डॉक्टर आहेत, यांनी ग्रीस पाहिलंय,' असं अन्वरभाईंनी सांगितलं होतं. बिचाऱ्याने माझी अब्रू झाकली होती.

तर आम्ही कुंपणाच्या मागच्या बाजूने आत शिरलो, आणि म्हणून पुढच्या फाटकाशी लावलेला माहितीचा फलक आमच्यापैकी कोणालाच दिसला नाही.

आत काळपट दगडांच्या भिंती उभ्या होत्या. छप्पर नाही, मधे पडलेले चिरे, सगळीकडे गार वारा. जागा खरोखर भव्य होती. नुसतं गप्प उभं राहून पाहावं अशी. मी बोलायला सुरुवात केली.

हे सभागृह, मी म्हणालो. इथे नागरिक बसायचे. हा वक्त्याचा चौथरा. या कोनाड्यात मतपेटी. सासूबाई प्रत्येक दगडाशी थांबून लिहून घेत होत्या. वैशाली भिंतीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, ऐकू येणार नाही इतक्या लांब. अबू फहद आणि अन्वरभाई आमच्या मागून हात मागे बांधून चालत होते.

मग सासूबाईंनी विचारलं, "आणि अथेन्समध्ये बायकांना मत होतं का हो?"

मला माहीत नव्हतं. लोकशाहीची जन्मभूमी म्हणजे असणारच, या हिशेबाने मी म्हणालो, "होतं तर. गाइडने मुद्दाम सांगितलं होतं."

त्यांचं पेन थांबलं. चष्म्यावरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "पुस्तकात तर नव्हतं असं आहे. बायकांना नाही, गुलामांना नाही. मी एकतीस वर्षं मुलींना तसंच शिकवलं." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं चुकीचं शिकवलं म्हणायचं."

आणि त्यांनी ते वहीत लिहिलं. माझ्या देखत.

मी तोंड उघडलं, पण मी काही बोलायच्या आत त्यांनी सईला विचारलं, "सई, तूही होतीस ना वर? गाइड काय म्हणाला होता गं बायकांबद्दल?"

सईने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं आठवत होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ती म्हणाली, "आय डोन्ट रिमेंबर, आजी. बाबांना जास्त माहीत आहे." आणि बुटाने वाळूवर रेघा मारत बसली.

माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने माझ्यासाठी आजीशी खोटं बोललेलं मी तिथे उभा राहून ऐकलं. एवढं झाल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. पण लाज वाटली की काही माणसं गप्प होतात आणि काही जास्त बोलतात. मी दुसऱ्या जातीचा आहे. विषय बदलायला म्हणून मी पुढे झालो, आणि भिंतीबाहेरच्या एका मोठ्या खडकावर मला कोरलेली अक्षरं दिसली.

वर्तुळात उभी रेघ. त्रिकोण. मग वाकडा आकडा. डॉक्टरकीच्या पुस्तकांमुळे ग्रीक अक्षरं मला येतात. "फाय, डेल्टा, लॅम्डा," मी वाचलं. जमिनीवर गुडघे टेकून बोटांनी अक्षरं गिरवत म्हणालो की इंग्रजीतला 'फिडेलिटी' हा शब्द यातूनच आलाय. निष्ठा. नागरिकांनी इथे राज्यघटनेची शपथ घेतली असली पाहिजे. ('फिडेलिटी' लॅटिन आहे हे मला त्या संध्याकाळी सईने सांगितलं.) सासूबाई माझ्याशेजारी वाकल्या, त्या गुडघ्यांनी वाकल्या, आणि तिन्ही अक्षरं त्यांनी वहीत जशीच्या तशी काढून घेतली. अन्वरभाईंनी माझा गुडघे टेकलेला फोटो काढला.

मागून अबू फहदने, डॉक्टर काय म्हणतात, असं विचारलं. अन्वरभाईंनी भाषांतर केलं. अबू फहद आधी ऐकत राहिला. मग त्याने खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारलं. मग तो खडकावर हात टेकून इतका हसला की त्याचा रुमाल सुटला.

काय म्हणतोय तो, असं मी अन्वरभाईंना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "डॉक्टर, ही खूण त्याच्या आजोबांच्या उंटांची हाय. उंट चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांच्या मानेवर डागायचे ती. आजोबांनी इथं खडकावर पण काढून ठेवलीये, की इथल्या विहिरीचं पाणी आमचं."

सासूबाईंनी वहीतल्या अक्षरांकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

अबू फहद मनाने फार चांगला. पाहुण्याला हसल्याची भरपाई म्हणून तो आम्हाला फाटकाशी असलेल्या आपल्या केबिनमध्ये घेऊन गेला. हीटर लावला, कहवा ओतला, खजूर पुढे केले. फाटकाशीच तो फलक होता. अरबीत आणि इंग्रजीत. सईने बाहेर उभी राहून तो वाचला आणि आत येऊन कोणाकडेच न बघता सांगितलं की हे देऊळ आहे. रोमन बादशहाच्या काळातलं. सभागृह नाही.

मी कहव्यात बघत बसलो. आता तरी सासूबाई मला काहीतरी बोलतील, असं वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माझा चेहरा बघून म्हणाल्या, "असू दे हो. इथे तुम्ही पहिल्यांदाच येताय, चुकणारच. अथेन्सचं तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. व्याख्यान मी अथेन्सवरच देईन."

हातातला खजूर मी परत ताटलीत ठेवला.

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. टाचा, कॅफे, तीन कॉफ्या, पिवळं निशाण. टेकडी पाहिली नाही, खांब पाहिले नाहीत, गाइडशी एक शब्द बोललो नाही, बायकांच्या मताचं मला काहीही ठाऊक नव्हतं. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा तुमचा आवाज ऐकून नाही म्हणवेना, आणि पुढे आपणच हुशार वाटायला लागलो, हेही सांगितलं. बोलताना मी सासूबाईंकडे बघत होतो, पण कान सईकडे होते. ती पुटपुटली, "बाबा, यू मेड मी लाय टू आजी." मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणाली असती तर मी काहीतरी सबब सांगितली असती.

मी तिला म्हणालो, "हो. चुकलं माझं."

अबू फहदला भाषांतर हवंच होतं. अन्वरभाई सांगायला कचरत होते, तर मीच म्हटलं, सांगा. या वेळी तो हसला नाही. त्याने टेबलाखाली वाकून माझे बूट नीट पाहिले, मान हलवली आणि माझ्या कपात आणखी कहवा ओतला.

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर सारखा केला. मग त्यांनी वही उघडली, बायकांच्या मताची ओळ शोधली आणि तिच्यावर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ मारली. "म्हणजे मी बरोबरच शिकवत होते," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं मोकळं हसू आलं की मला माझ्या सगळ्या तीन वर्षांची शरम नव्याने वाटली. त्यांना माझा राग आला नव्हता. त्या मगापासून, मी काय केलं याचा विचारच करत नव्हत्या. त्या मनातल्या मनात एकतीस वर्षांतल्या सगळ्या मुलींची माफी मागत होत्या.

मग मात्र त्या सईला घेऊन पुन्हा त्या दगडी भिंतींपाशी गेल्या. वैशालीही गेली. लांबून दिसत होतं, की सासूबाई हात हलवून काहीतरी सांगतायत आणि सई प्रश्न विचारतेय. मला कोणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. मी अबू फहदकडून त्याच्या आजोबांच्या उंटांची नावं ऐकली. अन्वरभाई भाषांतर करत होते. दिवसभरात मला मिळालेली खरी माहिती तेवढीच.

पुढच्या शुक्रवारी जेवणानंतर सासूबाईंनी सईला अथेन्समधली आणखी एक पद्धत सांगितली. एखादा नागरिक फार डोईजड झाला की लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचं नाव लिहायचे. पुरेसे तुकडे जमले की त्याला दहा वर्षं गावाबाहेर. सईचे डोळे चमकले. आम्हाला सुटीत अल उलाचे अवशेष पाहायला जायचं होतं, आणि तिथे कोणाला बोलायची बंदी घालायची, हे याच पद्धतीने ठरवू, असं तिने जाहीर केलं. घरात फुटकं मडकं नव्हतं, म्हणून वैशालीने वाणसामानाच्या यादीचा कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. गुप्त मतदान. सासूबाई निवडणूक अधिकारी, आणि मतदारही.

मतदार चार, चिठ्ठ्या चार. चारही चिठ्ठ्यांवर 'बाबा' किंवा 'समीर' किंवा 'समीरराव' निघालं.

सासूबाईंनी चौथी चिठ्ठी दिव्याखाली धरून पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, "हे तर डॉक्टरचं अक्षर आहे."

होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी असं लिहिलं होतं, जे घरातल्या प्रत्येकाला वाचता आलं.